तो ठिपका मोठा का केलात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विश्वाच्या पसाऱ्यात माणूस केवढासा, यावरच्या चित्रांबद्दलचा लेख कालच्या रविवार पुरवणीत वाचला. लेखकाने मेहनत घेतलीय, लेखाबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी तक्रार फोटोची आहे. नासाच्या व्हॉयेजर १ या अवकाशयानाने १४ फेब्रुवारी १९९० ला साधारण ६०० कोटी किलोमीटरवरून काढलेला पृथ्वीचा फोटो तुम्ही छापलात, पण आजूबाजूचं सगळं कापून टाकलंत, ठिपका मधोमध आणून वाटाण्याएवढा केलात आणि वर लाल गोल काढून बाणही दिलात. अहो, मूळ फोटोत पृथ्वी एक पिक्सेलसुद्धा भरत नाही! ती शोधावी लागते, आणि शोधताना जे पोटात होतं त्यासाठीच तर तो फोटो आहे. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन या फोटोसाठी नासाच्या मागे लागले ते काही समुद्र-डोंगर दिसावेत म्हणून नाही, एवढ्या लांबून तसलं काही दिसणार नाही हे त्यांना आधीच माहीत होतं.

मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. या फोटोचा मोठा प्रिंट काढून मी वर्गात लावला होता. पोरं विचारायची, सर यात आहे काय? एकदा एक मुलगा पुढे आला आणि बोटाने तो ठिपका पुसायला लागला, त्याला वाटलं धूळ बसलीय. मी म्हटलं, अरे थांब, त्यात तू पण आहेस. त्याने हात असा झटकन मागे घेतला की मला आजही आठवतंय.

त्याच वर्गात एक मुलगी होती, आठवीतली. आंतरशालेय स्पर्धेचा विषय होता 'मी आणि आकाश'. तिने अख्ख्या कागदाला काळ्या पोस्टर कलरचे तीन हात दिले, एक वाळल्याशिवाय दुसरा नाही, दोन बाटल्या संपवल्या, मग जुन्या टूथब्रशने पांढऱ्याचे बारीक शिंतोडे उडवले आणि खाली उजव्या कोपऱ्यात घराची गच्ची नि गच्चीवर ती स्वतः, तांदळाच्या कणीएवढी, तीही मान वर करून बघत असलेली. कणीएवढ्या आकृतीची मान वर आहे हे कळत होतं, एवढा त्या पोरीचा हात होता. चित्र परत आलं तेव्हा मागे पेन्सिलने लिहिलेलं, 'आकृती फार लहान, कागद रिकामा'. बक्षीस मिळालं ते पानभर हसरा चेहरा आणि भोवती गोट्यांसारखे ग्रह काढले होते त्या चित्राला. ती मला म्हणाली, सर पण मी तर पूर्ण कागद रंगवलाय ना? मी तेव्हा परीक्षकांकडे जाऊन भांडायला हवं होतं, नाही गेलो, ते मला अजून टोचतं. कारण आकृती मोठी काढा, कागद भरा, हे मी पण वर्षानुवर्षं पोरांना सांगत आलो होतो. काही चित्रांत ती मोकळी जागा हाच विषय असतो आणि आकृती नुसती मोजपट्टीसारखी तिथे उभी असते, हे मला त्या पोरीने दाखवलं. म्हणून काल तुमचा तो बाण बघून डोकं फिरलं.

आणि लिहितोच आहे तर आणखी एक. व्हॉयेजर १ आणि २ या दोन्ही यानांवर, परग्रहावर कोणी भेटलंच तर ऐकवायला म्हणून, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवलीय, तिच्याबद्दल लेखाच्या चौकटीत फक्त 'एक भारतीय गाणं' एवढंच छापलंय. नाव द्यायला जागा नव्हती का? त्या गायिका केसरबाई केरकर आहेत, गोव्यातल्या केरीच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, आणि गाणं भैरवीतलं 'जात कहाँ हो'. ५ सप्टेंबर १९७७ ला व्हॉयेजर १ निघालं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. त्याच तबकडीवरच्या ५५ भाषांतल्या शुभेच्छांमध्ये मराठीतला नमस्कारही आहे, तोही तुमच्या चौकटीत नाही. मराठी पेपरात हे नाही छापायचं तर कुठे छापायचं?

पुढच्या रविवारी तो फोटो परत छापा, न कापता, गोल आणि बाण न देता. अर्धं पान काळपट गेलं तरी जाऊ द्या, वाचक शोधतील.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा