रात्री उजळणाऱ्या ढगांची नोंद खंडित होऊ नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नुकतेच उत्तरेकडील आकाशातल्या रुपेरी-निळ्या, लाटांसारख्या पसरलेल्या ढगांचे मोठे छायाचित्र प्रसिद्ध झाले. छायाचित्र अप्रतिम होते, याबद्दल दुमत नाही. मात्र हे ढग म्हणजे ‘तापणाऱ्या पृथ्वीचा ढळढळीत पुरावा’ असल्याचे जे वाक्य त्याखाली छापले होते, ते घाईचे वाटले. एका रात्रीच्या एका छायाचित्रावरून असा निष्कर्ष का काढता येत नाही आणि तो काढायचा तर कशाची गरज आहे, एवढेच मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच.

शास्त्रज्ञ ज्यांना नॉक्टिल्युसंट म्हणतात ते हे ढग. आपल्या नेहमीच्या पावसाळी ढगांची धाव दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत असते. हे ढग मात्र 82 ते 83 किलोमीटरच्या आसपास, वातावरणाच्या मध्यांबर नावाच्या थराच्या वरच्या टोकाशी तयार होतात. सूर्य क्षितिजाखाली साधारण 6 ते 16 अंश गेलेला असतो, जमिनीवर अंधार पडलेला असतो, पण एवढ्या उंचीवर ऊन अजून पोहोचत असते, म्हणून ते उजळलेले दिसतात. 50 ते 65 अक्षांशांच्या पट्ट्यातून, तेही उन्हाळ्यातच, त्यांचे दर्शन प्रामुख्याने घडते. इथे वाचक हमखास बुचकळ्यात पडतो, कारण ज्या दिवसांत ध्रुवावर सूर्य मावळत नाही, त्याच दिवसांत त्यावरचे मध्यांबर वर्षातले सर्वांत थंड, उणे 130 अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही खाली गेलेले असते. डोंगर आणि वादळे यांच्यामुळे हवेत उठणाऱ्या लाटांकडे, म्हणजे गुरुत्व तरंगांकडे, याचे उत्तर आहे. हे तरंग वर जातात तशी हवा विरळ होत जाते, त्यांच्या लाटांचा आकार वाढत जातो आणि अखेर ते मध्यांबरात फुटतात. त्या धक्क्याने हवा उन्हाळ्याच्या ध्रुवाकडून हिवाळ्याच्या ध्रुवाकडे ढकलली जाते, तिची जागा घ्यायला खालची हवा वर चढते आणि चढता चढता प्रसरण पावून गार होते. म्हणजे ढगांच्या जन्माचे कारण त्यांच्या खाली, पुष्कळदा हजारो किलोमीटर दूरवर असू शकते.

त्या उंचीवर पाण्याची वाफ हवेच्या दशलक्ष रेणूंमागे जेमतेम काही रेणू इतकी तुटपुंजी असते. बर्फ धरण्यासाठी कणाला आधार लागतो आणि तो पुरवते जळून गेलेल्या उल्कांची अतिसूक्ष्म धूळ. तिच्यावर बर्फाचा थर चढत जातो, कण हळूहळू खाली सरकत वाढतो आणि तुलनेने उबदार थरात आला की विरून जातो. पूर्ण वाढलेल्या कणाची त्रिज्याही काही दशक नॅनोमीटरच असते. एवढे लहान कण जो प्रकाश विखुरतात, तो त्रिज्येच्या सहाव्या घातानुसार वाढतो. त्रिज्या दुप्पट झाली की चकाकी 64 पट होते. म्हणून डोळ्याला किंवा साध्या कॅमेऱ्याला दिसतात ते फक्त मोठे कण. लहान कणांचा कितीही दाट थर असला, तरी छायाचित्रात तो जवळजवळ गैरहजरच राहतो, आणि चकाकी वाढली म्हणजे बर्फही त्याच प्रमाणात वाढला, असे म्हणता येत नाही.

या ढगांची पहिली विश्वासार्ह वर्णने 1885 च्या उन्हाळ्यातली आहेत. 1883 मध्ये क्राकाटोआचा उद्रेक झाला होता, त्यामुळे संशय तिकडेच गेला. जर्मनीचे खगोलशास्त्रज्ञ ओटो येसे यांनी पुढे दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे त्यांची उंची सुमारे 82 किलोमीटर ठरवली. आजची उपकरणेही तेच सांगतात. त्या काळच्या कॅमेऱ्यांचा विचार करता हे काम थक्क करणारे आहे.

ढग वाढत आहेत का, या प्रश्नाकडे येतो. 2018 मध्ये जर्मनीतील लायब्निट्झ वातावरण भौतिकी संस्थेच्या संशोधकांनी संगणकीय प्रतिरूपाच्या साहाय्याने दाखवले की, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या उंचीवरील पाण्याची वाफ सुमारे 40 टक्क्यांनी वाढली असावी आणि त्याला मुख्यतः मिथेन जबाबदार आहे. मिथेनचा एक रेणू वर जाऊन विघटित झाला की त्याच्या हायड्रोजनपासून पाण्याचे दोन रेणू होतात. त्यांच्याच निष्कर्षानुसार कार्बन डायऑक्साइडमुळे होणारे तिथले थंडावणे हे डोळ्याला ढग अधिक दिसू लागण्याचे कारण नव्हे. नुसत्या थंडीने कण संख्येने वाढतात पण आकाराने लहान राहतात. थोडक्यात, मानवी हस्तक्षेपाचा संबंध आहे, पण तो ‘पृथ्वी तापली म्हणून ढग आले’ इतका सरळ नाही. आपल्या पुरवणीतील ओळ चुकली ती इथे. शिवाय सूर्याची सक्रियता कमी-जास्त होण्याचे सुमारे 11 वर्षांचे चक्र या वाफेवर परिणाम करते. त्यामुळे पाच-सात वर्षांच्या निरीक्षणांतून कल काढणे धोक्याचेच.

मग दीर्घ नोंद कुठून आणायची? सर्वांत लांब उपग्रहीय मालिका 1978 पासूनची आहे आणि ती ओझोन मोजण्यासाठी पाठवलेल्या उपकरणांची आनुषंगिक देणगी आहे. हे ढग दिवसाच्या निरनिराळ्या वेळी कमी-जास्त उजळ असतात, तर वर्षे जातात तसे या उपग्रहांच्या कक्षा सरकत जाऊन त्यांची निरीक्षणाची स्थानिक वेळ बदलत गेली. या बदलत्या वेळेसाठी दुरुस्ती केली नाही, तर घड्याळातला फरकच हवामानातला बदल म्हणून मिरवू लागतो. खास या ढगांसाठी नासाने 25 एप्रिल 2007 रोजी सोडलेल्या एम या उपग्रहाने बर्फकणांत उल्काधूळ असल्याचे मोजमापासह दाखवले. 2023 मध्ये बॅटरी निकामी झाल्याने त्याचे काम थांबले. स्वीडनचा मॅट्स हा उपग्रह 2022 च्या नोव्हेंबरात कक्षेत गेला, पण त्याचा भर गुरुत्व तरंगांवर होता. जुने आणि नवे उपकरण एकाच वेळी वर असेल तरच त्यांची मापे एकमेकांशी पडताळता येतात. दोघांमध्ये खंड पडला की कोणता फरक आकाशातला आणि कोणता यंत्रातला, हे सांगण्याची सोय उरत नाही. यावर नंतर कितीही पैसा ओतला, तरी गेलेले ऋतू परत मोजता येत नाहीत.

हा खंड नेमका चुकीच्या काळात पडतो आहे. हायड्रोजन जाळणाऱ्या अग्निबाणांच्या इंजिनांतून मुख्यतः वाफच बाहेर पडते. स्पेस शटलच्या एका उड्डाणात सुमारे 300 टन पाणी वरच्या वातावरणात सुटत असे आणि 2003 च्या जानेवारीतील उड्डाणातले पाणी काही दिवसांतच अंटार्क्टिकावर पोहोचल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. 2018 च्या जानेवारीत अलास्कातील पोकर फ्लॅट येथून सोडलेल्या अग्निबाणाने 85 किलोमीटर उंचीवर 220 किलो पाणी मुद्दाम फवारले. निसर्गतः ढग न होणाऱ्या त्या हिवाळी आकाशात अवघ्या 18 सेकंदांनी जमिनीवरच्या लायडरला (लेसर किरणांनी आकाश तपासणाऱ्या उपकरणाला) ढग सापडला. उड्डाणे वाढत असताना नोंद थांबली, तर मिथेनचा वाटा किती आणि अग्निबाणांचा किती, हा हिशेब पुढच्या पिढीला कसा लागणार? शिवाय या उंचीवर थेट मोजणे अवघड आहे: विमान आणि बलून तिथवर जात नाहीत, उपग्रह त्याहून खूप वर फिरतात, अग्निबाण काही मिनिटांत आरपार निघून जातो. नॉर्वेतील आन्डोया येथील लायडर आणि रडार दीर्घकाळ नेमाने काम करतात, पण ते एकाच ठिकाणच्या आकाशाचे.

अंतराळ संस्थांचे अर्थसंकल्प आपल्या संपादकीयांतून ठरत नाहीत, हे मान्य. परंतु वाचकांना छायाचित्र दाखवताना त्यासोबत निरीक्षणाचा अक्षांश, तारीख, वेळ आणि सूर्य क्षितिजाखाली किती अंश होता एवढे छापणे आपल्या हाती आहे. हौशी निरीक्षकांच्या अशाच तपशीलवार टिपणांचा अभ्यासकांना आजही उपयोग होतो. ‘पुरावा’ हा शब्द वापरायचा असेल, तर किमान एका पूर्ण सौरचक्राची नोंद त्यामागे आहे का, हे उपसंपादकांनी एकदा विचारून घ्यावे, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक