तुझ्या मैत्रिणीबद्दल

प्रिय मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

तुझी मैत्रीण एका गुरूच्या पंथात ओढली गेली आहे, त्याबद्दलचा तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. फोन केला असता, पण फोनवर तू भांडशील आणि मग माझं अर्धं बोलणं राहून जाईल, म्हणून लिहिते आहे. ‘एवढी हुशार मुलगी, आई, अशी कशी फसली?’ असं तू विचारलं आहेस. तू ते चिडून विचारलंस, उत्तर हवं म्हणून नाही, हे मला कळतं. तरी उत्तर देणार आहे. आयुष्यभर वर्गात मानसशास्त्र शिकवलेल्या बाईला असा प्रश्न विचारलास, तर पत्र लांबणारच.

हुशारीचं आधी संपवते. जपानमध्ये ओम शिनरिक्यो नावाचा पंथ होता. १९८४ साली तो एक साधा योगवर्ग म्हणून सुरू झाला. २० मार्च १९९५ला त्याच पंथाच्या पाच जणांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला. डझनाहून जास्त माणसं मेली, हजारोंना बाधा झाली. त्या पाचांतला एक अनुभवी हृदयशल्यचिकित्सक होता, बाकीचे विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेले. लोकांची छाती उघडून त्यांचे जीव वाचवलेल्या माणसाने भर गर्दीत छत्रीच्या अणकुचीदार टोकाने विषाच्या पिशवीला भोकं पाडली. तेव्हा तुझी मैत्रीण पहिली आली होती की दुसरी, हे बाजूला ठेव. हुशार माणसाला एकदा एखादी गोष्ट भावली की तिच्यासाठी कारणं शोधायला त्याच्याकडे इतरांपेक्षा जास्त सामग्री असते, एवढाच काय तो फरक.

आणि ‘मी आजपासून एका पंथात जाते’ असं ठरवून कोणीच जात नाही गं. माणूस शिबिराला जातो, कार्यशाळेला जातो, व्यसन सोडायला जातो, किंवा नुसता एका छान बोलणाऱ्या मुलीबरोबर जातो. अमेरिकेत जिम जोन्सने १९५०च्या दशकात पीपल्स टेंपल उभं केलं, तेव्हा तिथे गोरे आणि काळे एका बाकावर बसत. त्या काळात हे दुर्मीळ होतं. गरिबांना जेवण मिळे, म्हाताऱ्यांची काळजी घेतली जाई. चांगली, न्यायाची चाड असलेली माणसं तिकडे गेली ती याच कारणासाठी. १९७६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी जोन्सला शहराच्या गृहनिर्माण मंडळावर नेमलं, म्हणजे फसलेल्यांच्या यादीत महापौरही आले. सिनॅनॉन १९५८ साली व्यसनमुक्ती केंद्र म्हणून निघालं; वीस वर्षांनी त्याच्या माणसांनी एका वकिलाच्या टपालपेटीत जिवंत विषारी साप टाकला. देवाधर्माचा तिथे आरंभी संबंधही नव्हता. म्हणून ‘पण ते लोक धार्मिक नाहीत, ते तर पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट करतात’ या तिच्या वाक्याने तू निश्चिंत होऊ नकोस.

ती गेली कधी, हे आठव. नोकरी बदललेली, नातं तुटलेलं, शहर नवं. अशा वेळी कोणीतरी तुझं नाव लक्षात ठेवतं, तुला रोज विचारतं, तू बोलत असताना फोनकडे बघत नाही. आपल्यातली किती माणसं एवढं करतात? हे प्रेम खोटंच असतं असं मी म्हणणार नाही. ते करणाऱ्या पोरींनाही तसंच कोणीतरी आत आणलेलं असतं आणि त्यांना ते मनापासून वाटत असतं. पण तुझी मैत्रीण आत जाते ती या माणसांसाठी. विचार नंतर येतात, माणसांच्या पाठोपाठ.

पुढे काय होतं, ते मला नीट सांगायचं आहे. १९६६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, फ्रीडमन आणि फ्रेझर यांचा. कॅलिफोर्नियातल्या घरमालकांना विचारलं, तुमच्या अंगणात ‘गाडी जपून चालवा’ असा भलामोठा, बेढब फलक लावू का? थेट विचारलं तेव्हा १७ टक्केच हो म्हणाले. पण ज्यांनी दोन आठवड्यांपूर्वी त्याच विषयाची तीन इंची पट्टी लावायला हो म्हटलं होतं, त्यांच्यातले ७६ टक्के त्या राक्षसी फलकालाही हो म्हणाले. मधल्या काळात त्यांना कोणी धमकावलं नव्हतं की मंत्र घातला नव्हता. छोट्या होकारानंतर ते स्वतःच्या नजरेत ‘असल्या कामाला मदत करणारी माणसं’ झाले होते. आता हाच हिशेब तुझ्या मैत्रिणीला लाव. आधी एक संध्याकाळ, मग एक शनिवार-रविवार, मग पहाटेची सेवा, मग पगारातला वाटा, मग ‘या सणाला घरी जाऊ नकोस, सत्र आहे’. कुठल्याही एका पायरीवर ती थांबून म्हणाली असती की हे अति होतंय, तर तिला आदल्या पायरीचंही उत्तर स्वतःला द्यावं लागलं असतं.

त्यातून पायरी जितकी कठीण, तितकी ती पायरी मोलाची वाटू लागते. अ‍ॅरॉन्सन आणि मिल्स या दोघांनी १९५९ साली हे दाखवलं. एका चर्चागटात यायचं तर आधी संकोच वाटेल असा मजकूर परक्या माणसासमोर मोठ्याने वाचायची अट काही मुलींना घातली, काहींना सौम्य अट, काहींना कुठलीच नाही. नंतर सगळ्यांना ऐकवलेली चर्चा मुद्दाम रटाळ ठेवलेली. जिला जास्त संकोच सोसावा लागला, तिलाच ती चर्चा जास्त रंजक वाटली. एवढं सोसून मिळालेली वस्तू टाकाऊ आहे असं मानायला मन धजत नाही. तुझी मैत्रीण चार तास झोपून ताजीतवानी असल्याचं सांगते ना, त्यात मला हेच दिसतं. (झोपेचं एक वेगळंच. अपुऱ्या झोपेत कोणाचीही विवेकबुद्धी मंदावते, हे तुला परीक्षेच्या आठवड्यात कळलेलं आहे.)

मग येतो कबुलीजबाब. सगळ्यांसमोर आपल्या चुका, लाज, घरातली गुपितं सांगायची. पहिल्यांदा मोकळं वाटतं, खरंच वाटतं. पण ती गुपितं समोरच्याकडे जमा होतात. कीथ रेनिएरीने चालवलेल्या नेक्सियम या स्वविकासाच्या संस्थेत स्त्रियांचा एक गुप्त गट होता. त्यांच्याकडून बदनामीकारक फोटो आणि पत्रं तारण म्हणून घेतली जात. त्या माणसाला २०२० साली १२० वर्षांची शिक्षा झाली. सगळीकडे इतकं टोकाचं नसतं, पण ‘शेअरिंग’च्या नावाखाली कोणी तुझ्याकडून असं काही लिहून घेत असेल, तर पेन खाली ठेवून उठायचं, कारण द्यायची गरज नाही.

तरी मला सगळ्यांत घातक वाटतं ते शंकेचं जे केलं जातं ते. बाहेर माणसाला शंका आली की तो विचारतो, शोधतो. आत शंका आली की ती कोणाची, हे आधी ठरतं. तुझा अहंकार बोलतोय. तुझी निगेटिव्हिटी. तुझी लेव्हल अजून तेवढी नाही. प्रश्न गुरूबद्दल होता, आणि उत्तर मिळालं ते प्रश्न विचारणारीबद्दल. रॉबर्ट जे लिफ्टन या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६१ साली चीनमधल्या वैचारिक छळातून आलेल्यांचा अभ्यास मांडला, त्यात अशी विचार जागच्या जागी थांबवणारी ठरावीक वाक्यं त्यांनी टिपून ठेवली आहेत. तुझ्या मैत्रिणीच्या मेसेजमध्ये ती जशीच्या तशी दिसली तेव्हा तुला राग आला. मला तिची काळजी वाटली. कारण हे काही दिवस चाललं की सांगणारा लागत नाही. शंका आली की ती स्वतःच स्वतःला गप्प करते.

सिद्धान्त खोटा ठरला तरी हे टिकतं. हेवन्स गेट या पंथाचा दावा होता की अवकाशयान येईल आणि आपल्याला देहासकट घेऊन जाईल. दोघं प्रमुख होते. त्यांतली बॉनी नेटल्स १९८५ साली कर्करोगाने गेली. देह तर इथेच राहिला! मग देह म्हणजे नुसतं वाहन, जातो तो आत्मा, अशी शिकवण बदलली. माणसं उठून गेली नाहीत. मार्च १९९७मध्ये त्यांच्यातल्या ३९ जणांनी एकत्र मरण पत्करलं. म्हणून तिच्या गुरूच्या बोलण्यातल्या विसंगतींची जी यादी तू केली आहेस, ती पाठवू नकोस. अशा याद्यांवरचं उत्तर आत केव्हाच तयार असतं.

आता जोन्सचा शेवट. तो तुला ऐकून माहीत आहे, पण बहुतेक चुकीचा. लोक म्हणतात, त्याची माणसं आंधळेपणाने विष प्याली. त्याने आपल्या माणसांना दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात नेऊन वसवलं होतं. त्या वसाहतीत पासपोर्ट काढून घेतलेले होते, पत्रं वाचली जात, ध्वनिक्षेपकावर त्याचा आवाज सतत चालू असे. मरणाच्या रंगीत तालमीही झाल्या होत्या. एकदा तर सगळ्यांना पेय दिलं, त्यात विष आहे असं सांगितलं, आणि नंतर म्हणाला, ही निष्ठेची परीक्षा होती. नातेवाइकांच्या तक्रारींवरून अमेरिकन खासदार लिओ रायन तिथे पाहणीला गेले. काही जण त्यांच्याबरोबर निघाले, तर धावपट्टीवर रायनसह पाच जणांना गोळ्या घातल्या. त्याच दिवशी, १८ नोव्हेंबर १९७८ला, वसाहतीत ९०९ माणसं मेली. त्यांत ३००हून जास्त मुलं होती. भोवती बंदूकधारी होते, आणि मुलांना ते पाजलं गेलं. याला मी आत्महत्या म्हणत नाही.

त्या संध्याकाळची ध्वनिफीत उपलब्ध आहे. (ऐकू नकोस, मी ऐकली आहे.) तीत एक बाई जोन्सशी वाद घालते. या बाळांना जगायचा हक्क आहे, असं म्हणते. दुसरीकडे जाता येणार नाही का, असं विचारते. आणि तिला गप्प कोण करतं? शेजारीपाजारी, तिच्याबरोबर राहिलेली माणसं. एकही आवाज तिच्या बाजूने उठत नाही.

मी वर्गात हे सॉलोमन अ‍ॅशच्या प्रयोगाबरोबर शिकवायची. रेघांची लांबी सांगायची, पोरखेळ. पण खोलीतले बाकी सगळे ठरवून चूक उत्तर देतात, आणि ज्याला हे ठाऊक नसतं तो एकटा उमेदवार साधारण तीनातल्या एका वेळी डोळ्यांसमोरचं नाकारून त्यांच्यासारखंच बोलतो. मुलांना एवढंच लक्षात राहायचं. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. त्या खोलीत एकच माणूस बरोबर उत्तर देणारा बसवला की हा आकडा धाडकन खाली येतो. त्या एकाने वाद घालावा लागत नाही, पटवावं लागत नाही. त्याला जे दिसतं ते त्याने म्हणायचं आणि तिथेच बसून राहायचं.

म्हणून तू तिला ब्लॉक करणार आहेस, ते करू नकोस. पंथाला बाहेरची माणसं तुटलेलीच हवी असतात. ‘बघ, ते तुला समजून घेत नाहीत’ हे सिद्ध करायचं काम तू फुकटात करून देशील. आणि तिच्या भावाच्या डोक्यात जे आहे, गाडीत घालून आणायचं आणि खोलीत बंद करून समजवायचं, तेही थांबव. अमेरिकेत १९७०च्या दशकात टेड पॅट्रिक नावाचा माणूस पालकांकडून पैसे घेऊन नेमकं हेच करायचा. त्याला तुरुंगवास झाला तो भाग सोड. पण मोठ्या मुलीच्या मनावर जबरदस्ती चालली म्हणून तिच्यावर आपणही जबरदस्ती करायची, हे मला आई म्हणूनही पटत नाही.

शिवाय या मंडळींची ताकद आपण समजतो तेवढी नसते. आयलीन बार्कर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ब्रिटनमध्ये मूनी पंथाच्या (कोरियातल्या सन म्युंग मून यांच्या युनिफिकेशन चर्चच्या) शिबिरांना गेलेल्यांचा माग ठेवला. दहातले नऊ सामीलच झाले नाहीत. झाले त्यांतलेही बहुतेक दोनेक वर्षांत आपापले बाहेर पडले. तुझी मैत्रीणही पडेल, याची शक्यता बरीच आहे. प्रश्न हा असतो की पडताना हातात काय उरलेलं असेल: नोकरी, बचत, कोणाला तरी फोन करता येईल एवढी जवळीक. अशा माणसाला बाहेर पडण्यापासून अडवते ती बरेचदा लाज. ‘मी तुला सांगितलं होतं ना’ हे वाक्य ऐकायचं भय.

तर तिला अधूनमधून लिहीत राहा. गुरूबद्दल नाही. जुन्या गोष्टींबद्दल, तुझ्या ऑफिसबद्दल, ती जी बासरी वाजवायची तिच्याबद्दल. उत्तर आलं नाही तरी रुसू नकोस. ती तिथलं काही सांगायला लागली तर ऐक, आणि जे खरंच कळलं नाही ते विचार: तिथून कोणी निघून गेलं तर त्याच्याबद्दल काय बोलतात? तुला नाही म्हणावंसं वाटलं तर म्हणता येतं का? विचारून गप्प बस. तिच्या उत्तरात खोड काढू नकोस.

ती सत्राला बोलवेल. तू जाणार नाहीस. ‘आत काय चालतं ते बघून तरी येते’ हा तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. पैसे मागितले तर दे म्हणणार नाही. घरी यायला तिकीट हवं असेल तर तिकीट काढून दे, रोख देऊ नकोस. आणि ती एखाद्या रात्री नुसती बॅग घेऊन आली, तर काही न विचारता दार उघड आणि मला कळव. मी तिच्या आईशी परवा बोलणार आहे. त्या बाई रोज तिला रडून मेसेज करताहेत, ते आधी थांबवायला हवं.

तू जेवण वेळेवर घे. बाबा ठीक आहेत.

तुझी,
आई