किडनी जपली, हिरड्यांचं काय?

संपादक महोदय,

मार्चमधला दुसरा गुरुवार आला की जागतिक किडनी दिनानिमित्त पाणी, मीठ, शुगर, बीपी यांवर भरपूर लिहून येतं. ते हवंच. पण प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या तोंडाकडे कुणी बघत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या धाकट्या भावाला आईने किडनी दिली त्याला आता बारा वर्षं झाली. दुसऱ्या वर्षापासून त्याच्या हिरड्या वाढू लागल्या. दोन दातांच्या फटीतून गुलाबी मणी वर यावेत तशा. पुढे त्यांनी समोरचे दात अर्धे झाकले. ब्रश लागला की रक्त. फोटोत तो ओठ मिटूनच उभा राहायचा. "नीट घासत नाहीस," म्हणून आई रोज त्याच्यावर करवादायची. कारण मात्र गोळ्यांच्या डबीत होतं. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून चालू असलेलं सायक्लोस्पोरिन आणि सोबत बीपीची ॲम्लोडिपिन, दोन्हींनी हिरड्या वाढू शकतात. (दात अस्वच्छ राहिले तर त्यात भरच पडते, तेव्हा आईही अगदीच चुकत नव्हती.)

खरा घोळ पुढेच झाला. एका रात्री दाढ ठणकली आणि सकाळी तो जवळच्या डेंटिस्टकडे गेला. औषधं कोणती चालू आहेत हे त्यांनी विचारलं नाही, यानेही सांगितलं नाही. चिठ्ठीवर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी. पहिल्याने रक्तातली सायक्लोस्पोरिनची पातळी चढते, दुसऱ्याचा किडनीवर थेट ताण. १.३ वर असलेलं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) आठवड्यात २.१! चार दिवस ॲडमिट. नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, नंतर सायक्लोस्पोरिनऐवजी त्याच कामाचं टॅक्रोलिमस दिलं, हिरड्यांची सफाई झाली आणि वाढ बरीच ओसरली.

ऑपरेशनआधी त्याच्या हृदयापासून फुप्फुसांपर्यंत सगळं तपासलं होतं. ती किडकी दाढ मात्र तशीच राहिली. प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असताना दातातला पू साधा राहत नाही. जिभेवर बुरशीचा पांढरा थर येतो, ओठाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. आमच्याकडे अजून कितीतरी घरांत सकाळी मिश्री लावतात. अशा पेशंटच्या हाती तरी ती डबी नको.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपण आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. मग प्रत्यारोपणाआधी दंततपासणी सक्तीची करायला आणि पुढे दर सहा महिन्यांनी तिची तारीख फॉलोअपच्या कार्डावर लिहायला काय हरकत आहे? डिस्चार्जच्या कागदावर 'नेफ्रॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय दातदुखीची कोणतीही गोळी घेऊ नये' एवढी ओळ ठळक छापली तरी चालेल.

भावाच्या पाकिटात आता सगळ्या गोळ्यांच्या नावांचा कागद असतो. लॅमिनेट मीच करून दिलाय.

— एक वाचक, सातारा