वात्रटिकेतला पुढारी बिनचेहऱ्याचा का?

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत, थायलंडमध्ये नोकरीधंद्यानिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींच्या वात्रटिका पानभर प्रसिद्ध झाल्या. मुलुंडहून सीएसएमटीला जाताना त्या मी लोकलमध्ये दोनदा वाचल्या आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडखळलो. परक्या मुलखातल्या संसारावरच्या कविता खुसखुशीत उतरल्या आहेत, पण लबाड पुढाऱ्यांवरच्या पार मिळमिळीत. बँकॉकजवळच्या एका सूतगिरणीत मी स्वतः अकरा वर्षे काढली असल्यामुळे, हा फरक कशाने पडला असावा याविषयी चार शब्द लिहितो.

हजेरीवरची वात्रटिकाच घ्या. थायलंडमध्ये दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी माणसाला दर 90 दिवसांनी आपला राहता पत्ता इमिग्रेशन खात्याला कळवावा लागतो. मग पुढची तारीख घातलेली एक चिठ्ठी पासपोर्टच्या पानाला स्टेपल करून मिळते आणि ती तारीख चुकली तर 2,000 बाट दंड बसतो. कवीने या चिठ्ठीला ‘सासरी दर तिमाहीला धाडायचे खुशालीचे पत्र’ म्हटले आहे. ते वाचले आणि पिनांनी चाळणी झालेले माझ्या पासपोर्टचे पान, तसेच टोकन हातात घट्ट धरून बाकावर बसलेलो आम्ही सगळे, डोळ्यांसमोर उभे राहिलो. ज्याने ती चिठ्ठी हाताळली आहे त्यालाच ही उपमा सुचते.

पुढाऱ्यांवरच्या कवितांत मात्र ‘खुर्ची’, ‘तिजोरी’, ‘थापा’ आणि ‘जनता बिचारी’ यांच्यापलीकडे काही नाही. त्यातला पुढारी बँकॉकचा आहे, बारामतीचा की बगदादचा, हे ओळखून दाखवणाऱ्याला मी स्वखर्चाने वडापाव खाऊ घालीन. वास्तविक थायलंडच्या राजकारणात विनोदाला लागणारा कच्चा माल भरपूर आहे. पक्ष फोडून पलीकडे जाणाऱ्या खासदाराला तिथे ‘नाग’ म्हणतात. थंडीने गारठलेल्या नागाला शेतकऱ्याने उबेला घेतले आणि तो त्यालाच डसला, या गोष्टीवरून 1997 मध्ये समक सुंदरवेज यांनी आपल्याच पक्षातल्या फुटीर खासदारांना ही उपमा दिली आणि ती रूढ झाली. हेच समक पुढे पंतप्रधान झाले आणि सप्टेंबर 2008 मध्ये घटनात्मक न्यायालयाने त्यांना पदावरून दूर केले, कारण पदावर असताना ते दूरचित्रवाणीवरच्या पाककृतीच्या कार्यक्रमाचे मानधन घेत होते! आपल्याकडे 1967 मध्ये हरियाणाने ‘आयाराम-गयाराम’ दिले, पण फोडणी देता देता सत्ता करपल्याचे उदाहरण निदान माझ्या ऐकिवात नाही. इतके आयते ताट वाढलेले असताना त्यावर एकाही कवीला हात मारावासा वाटू नये, याचे आश्चर्य वाटते.

भाषेचेही तेच. थाई भाषेत भ्रष्टाचाराला ‘थुच्चरित’ आणि प्रामाणिकपणाला ‘सुच्चरित’ म्हणतात. म्हणजे आपलेच ‘दुश्चरित’ आणि ‘सुचरित’, पालीच्या वाटेने तिथे पोहोचलेले. पंतप्रधान हा ‘नायोक रत्थमोंत्री’, त्यातला ‘नायक’ मराठी कानाला लगेच ओळखू येतो. यमक जुळवायला बसलेल्या मराठी माणसाला याहून मोठी मेजवानी कोणती हवी? त्याऐवजी तीन कवितांत मसाजवरचा तोच तो घासून गुळगुळीत झालेला विनोद आहे. तो इथे घरबसल्याही करता येतो, त्यासाठी साडेचार तासांचा विमानप्रवास कशाला?

पाहुण्या देशात राहून तिथल्या सत्तेची टर उडवणे सोपे नसते, हे मला मान्य आहे. राजघराण्याच्या निंदेला थाई दंडविधानाच्या कलम 112 खाली प्रत्येक गुन्ह्यामागे 3 ते 15 वर्षांची कैद आहे, अब्रुनुकसानी हाही तिथे फौजदारी गुन्हा आहे, आणि वर्क परमिटवर जगणाऱ्याला तर एवढेही धाडस परवडत नाही. म्हणून तिथला मराठी कवी स्वतःच्या फजितीवर हसतो, आणि ते तो उत्तम करतो. पण आपल्या पानावरच्या निम्म्या राजकीय वात्रटिका महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांना उद्देशून आहेत. अब्रुनुकसानीचे कलम, भारतीय न्याय संहितेतले 356, इथेही आहेच. तरीही 2022 च्या पावसाळी अधिवेशनात विधान भवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा दुमदुमलीच. आरोप खरा की खोटा, हा वाद बाजूला ठेवू. पण त्या घोषणेतली ताकद ‘खोके’ या शब्दात आहे. पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, हे मुंबईच्या बाजारातले माप कवितेत आले की पुढाऱ्याला चेहरा येतो. ‘धनाच्या राशी’ म्हटले की तो पुसला जातो.

नुसती टीका करून मोकळे होणे बरे नव्हे, म्हणून माझाही एक प्रयत्न सोबत जोडतो. थायलंडमध्ये सरकारी कागदांवर बौद्ध शक चालतो. तो इसवी सनाच्या 543 वर्षे पुढे असल्यामुळे 1958 सालचा माझा जन्म तिथल्या बँकेतल्या बाईंनी अत्यंत शांतपणे 2501 असा नोंदवला होता. आपल्या लोकसभेच्या जागाही 543 च, ही गंमत मुंबईत परतल्यावर एका निवडणुकीच्या रात्री निकाल पाहताना ध्यानात आली. पुरवणीत जागा असल्यास छापावे, नसल्यास राग नाही:

पाचशे त्रेचाळीस वर्षे पुढे तिथली दिनदर्शिका,
पाचशे त्रेचाळीस खासदार आमच्याकडे, बरं का!
दोन्ही आकडे जुळवून पाहता अखेर बसला मेळ,
आश्वासन पुरे व्हायला लागतो तेवढाच वेळ.

आपला,
एक नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई