समुद्रकाकडी हातात घेऊन फोटो कशाला?

संपादक महोदय,

सहलींच्या जाहिरातींत सध्या लक्षद्वीप जोरात आहे, म्हणून हे पत्र. जानेवारीत आम्ही बारा जण मुंबईहून कोचीमार्गे अगत्तीला गेलो होतो. मी माहीमची. पोहायला शिकले तेही पन्नाशीनंतर, शिवाजी पार्कच्या तलावात. मासे आजवर पाहिले ते सिटीलाइटच्या बाजारात, कल्ले उचलून.

अगत्तीचं लगून म्हणजे प्रवाळांच्या कड्याआड अडलेला समुद्र. कुठे कमरेएवढं, कुठे गळ्याएवढं पाणी. स्नॉर्कल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावून तोंड पाण्यात घातलं, तर काही दिसायच्या आधी ऐकू आलं, दाढेखाली कुरमुरे फुटावेत तसं. पोपटमासे चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत होते. शेवाळाबरोबर खडकही खातात आणि त्याची भुकटी मागून सोडतात. तिथल्या पांढऱ्या वाळूत ही भुकटी पुष्कळ. (हे कळल्यापासून आमच्या यजमानांनी अनवाणी फिरणं बंद केलं.) पुढे खडकात रुतलेला मोठा शिंपला, निळ्या-जांभळ्या नक्षीचा. माझी सावली पडताच मिटला. मी बाजूला सरून थांबले, तेव्हा कुठे हळूहळू उघडला. एक हिरवं कासव तर गाईसारखं समुद्री गवत चरत होतं, आमच्याकडे ढुंकूनही न बघता.

आता तक्रार. आमच्या सहलीचा व्यवस्थापक तळाची ठिपक्यांची समुद्रकाकडी (नाव काकडीचं, पण आहे जिवंत प्राणी) उचलून एकेकाच्या हातात देत होता, फोटोसाठी. तिसऱ्या हातात गेल्यावर तिने पांढरे चिकट दोरे बाहेर टाकले. घाबरली की ती असं करते. मंडळींना हसू आवरेना. दोघे दम लागला म्हणून चक्क प्रवाळावर उभे राहिले, एक फांदी माझ्यासमोर मोडली. समुद्रकाकडी आणि ही प्रवाळं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. १९९८, २०१० आणि २०१६ साली पाणी तापून लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली, पुष्कळशी मेली. जगली-वाचली त्यांच्यावर आपण पाय देतो.

आपल्या वरळी-हाजीअलीच्या खडकांवरही प्रवाळं आहेत, कोस्टल रोडच्या वेळी त्यातली काही उचलून दुसरीकडे लावावी लागली. म्हणजे मुंबईकराला हा विषय अगदीच नवा नाही.

माझी मागणी छोटी आहे. निघण्याआधी दादरला आमची बैठक झाली, तिचा तासभर बॅगेच्या वजनात गेला. त्यातली दहा मिनिटं द्या: दम लागला तर उताणं कसं तरंगायचं आणि हात कुठे लावायचा नाही, एवढं सांगायला पुरतात.

– एक वाचक, माहीम