स्वाधारचे पैसे परीक्षा संपल्यावर

संपादक साहेब,
सरकारी हॉस्टेलला नंबर न लागलेल्या एससी मुलांना स्वाधार योजनेतून पुण्या-मुंबईत वर्षाला 60 हजार मिळतात, योजना चांगलीच आहे हो, पण माझ्या भाच्याचा पहिला हप्ता जमा झाला तेव्हा परीक्षा संपून तो गावी पण आला होता, तोवर रूमभाडं अन् मेसचे पैसे बहिणीने बचत गटाचं कर्ज काढून भरले. मेसवाला काय पोर्टलवरचं स्टेटस बघून जेवायला वाढतो का? त्यात उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, म्हणजे आईबाप दोघं कंपनीत कंत्राटावर लागले की पोरगं बाहेर. निदान पहिला हप्ता तरी ॲडमिशन झाल्या झाल्या खात्यात टाका, बाकीचे कागद मागत बसा नंतर.
– एक मामा, बीड