आमच्यासाठी राखलेलं आधी संपवा

ठाणे, २८ मार्च २०२०

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मुद्द्याचं राहून जातं, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं गाळायचं नाही.

आधी कडू गोळी. मी येत नाही. करोनामुळे जिल्ह्यांच्या सीमा बंद आहेत हे खरंच, पण उद्या पास मिळाला तरी यायचं नाही असं आम्ही ठरवलंय. आम्ही सगळे ठणठणीत आहोत. पण लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही हा आजार पसरतो, आणि बाबांचं वय, त्यात साखर. पिशव्या दारात ठेवून परत फिरावं म्हटलं, तर आई, तू मला चहाशिवाय जिन्यावरून जाऊ देशील? नाही ना? मग विषय संपला. रागावू नकोस गं.

आता घरात आहे त्यात भागवायचं. बाबा, मंडई बंद. ‘कोपऱ्यावरच जाऊन येतो’ हेही बंद. १४ एप्रिलला लॉकडाउन संपून सगळं उघडेल असं न धरता अख्खा एप्रिल धरा. किलोभर कणकेच्या घडीच्या पोळ्या तीसेक होतात. रोज सहा लागल्या तर पाच किलो कणीक पंचवीस दिवस जाते, आणि मधे भाकरी, वरणफळं आहेतच. डाळ रोज शंभर ग्रॅम, म्हणजे महिन्याला तीन किलो. तुझ्या डब्यांत त्याहून जास्त आहे, मला ठाऊक आहे. बाजरीचं पीठ मात्र लगेच संपव, उन्हाळ्यात ते फार लवकर कडू होतं. दाण्याचं कूटही आठवड्यापुरतंच कर, नाहीतर खवट होईल. रवा कोरडा भाजून पूर्ण गार झाल्यावर भर. गरम भरलास तर डब्यात वाफ धरते आणि बुरशी येते.

भाजी आवडीप्रमाणे नाही, टिकण्याप्रमाणे खायची. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, मग भेंडी-गवार, मग फ्लॉवर. कोबी, गाजर शेवटी. लाल भोपळा न चिरता ठेवलास तर महिनाभर काही होत नाही, चिरलास की चार दिवस. कोबीवर सुरी फिरवू नकोस, लागतील तेवढी पानं बाहेरून काढत जा. कापलेली कड आधी काळी पडते. कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत, बटाट्यांच्या ओलाव्यानं कांदे सडतात. बटाटा हिरवा झाला तर फेकून दे. एवढ्याशाचं काय म्हणून पोटात ढकलू नकोस. कोथिंबीर न धुता निवडून, कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेव. कागद दमट झाला की बदल. टोमॅटो मऊ पडायला लागले की धुऊन-पुसून अख्खेच फ्रीझरमध्ये टाक. काढून नळाखाली धरलेस की साल हातात येते. आमटीला चालतात, कोशिंबिरीला नाही. ते संपले तर आमसूल आहेच, आणि खरं सांगू, तुझी आमसुलाची आमटीच जास्त चांगली होते.

भाजी संपली की कडधान्यं. एक वाटी मटकी मोड आल्यावर अडीच-तीन वाट्या होते, दोघांना दोन वेळा पुरते. रात्री भिजव, सकाळी पूर्ण उपसून फडक्यात बांध. या उन्हात ती संध्याकाळपर्यंत चिकट होऊन वास येतो तो पाणी नीट निथळलं नाही म्हणून. चाळणीत अर्धा तास ठेव, मगच बांध, आणि दुपारी एकदा स्वच्छ पाण्यातून काढ. मोड दिसले की फ्रिजमध्ये, तीन दिवसांत संपव. दोघांनीही वाफवूनच खायची, कच्ची नको. मेथीदाण्यांना मोड आणून केलेली उसळ बाबांना चालेल. बाबा, तोंड वाकडं करू नका.

शिळ्या भाताबद्दल आई, तू ऐकणार नाहीस, तरी सांगते. ओट्यावर रात्रभर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकू नकोस. तांदळात एक जंतू असतो, तो शिजवूनही मरत नाही. भात कोमट राहिला की वाढतो आणि त्याचं विष परत गरम करून जात नाही. जेवण झालं की तासाभरात ताटलीत पसरून गार कर आणि फ्रिजमध्ये टाक. तो दुसऱ्या दिवशी फोडणीला उत्तम. आणि उरलेलं तू एकटीनं खायचं, बाबांना ताजं वाढायचं, ही पद्धत या महिन्यापुरती तरी बंद. पाऊण वाटी तांदूळ लाव, उरणारच नाही.

बाबा, पुरवायचं म्हणून तुम्ही जेवण कमी करू नका. गोळी तेवढीच आणि पोटात कमी, तर साखर उतरते. हात थरथरले, घाम फुटला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात, मग पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. गोळ्यांचा डोस स्वतःच्या मनानं बदलायचा नाही. आठवडाभराच्या उरल्या की मला सांगा. तळमजल्यावरच्या मुलाशी बोलून ठेवलंय, तो दारात ठेवून जाईल. आणि भाजी नाही म्हणून लोणचं-पापडावर जेवू नका, तुमच्या रक्तदाबाला ते मीठ चालणार नाही. दूध येतंय तोवर दही लावा, दोघांना ताक होईल.

आता शेवटचं, आणि हे मला जड जातंय. आई, तुझ्या फ्रीझरचा वरचा खण माझा आणि मुलांचा आहे, मला माहितीये. गेल्या वर्षीचा आमरस, करंज्यांचं सारण, खवलेला नारळ, सोललेला मटार, सगळं ‘येतील तेव्हा’साठी. ते आधी संपवा. रस आदल्या रात्री खालच्या खणात उतरव, ओट्यावर नाही; एकदा वितळला की परत गोठवायचा नाही. बाबांना अर्धी वाटी, तीही त्या जेवणात एक पोळी कमी करून. नारळाच्या एका वाटीची आमटी, दुसऱ्या वाटीची सोलकढी. मटार न वितळवता थेट उकळत्या पाण्यात. काजूचा डबा माळ्यावरून मात्र काढू नका, कुणीही स्टुलावर चढायचं नाही! मुलांना कळलं तर रुसतील, ते मी बघते. पुढच्या मोसमात आंबे मिळतीलच.

रात्री नऊला फोन करते. तोवर वरचा खण उघडून काय काय आहे त्याची यादी करून ठेवा. बाबा, तुम्ही लिहा, तुमचं अक्षर बरं.

तुमची,
छकुली